भूमिज देऊळ कसं वाचायचं आणि कसं नोंदवायचं

महाराष्ट्रात काळ्या दगडाचं जुनं देऊळ दिसलं की पाटीवर ‘हेमाडपंती’ असं लिहून मोकळं होण्याची पद्धत आहे. हेमाद्री पंडित हा महादेव यादव (१२६०–१२७१) आणि रामचंद्र यादव (१२७१–१३११) यांच्या दरबारातला मंत्री. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. हेमाडपंतांच्या दोनशे वर्षं आधीच्या देवळाला त्यांचं नाव का द्यायचं, याला उत्तर नाही. ‘हेमाडपंती’ या शब्दातून फार तर एवढंच कळतं की दगड घडीव आहेत आणि सांध्यांत चुना नाही. शिखर कसलं, आराखडा कसला, मूर्ती कुणाच्या, यातलं काहीच कळत नाही. आणि काळा दगड तर गोव्यात तांबडी सुर्ल्याच्या कदंबकालीन महादेव मंदिरालाही आहे.

अकराव्या ते तेराव्या शतकात माळवा आणि महाराष्ट्र या पट्ट्यात जी शैली बहरली तिचं नाव भूमिज. परमारांचं उदयपूरचं (मध्य प्रदेश) उदयेश्वर मंदिर हा तिचा नामांकित नमुना. आपल्याकडे शिलाहारांचं अंबरनाथ, यादवकाळातलं सिन्नरचं गोंदेश्वर, मालेगाव तालुक्यातल्या झोडग्याचं माणकेश्वर, भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीचं अमृतेश्वर ही ठळक उदाहरणं. अशा देवळाची नोंद हौशी माणसालाही नीट करता येते. त्यासाठी एक शिस्त मात्र पाळावी लागते. नजर शिखरावरून खाली आणायची नाही, पायापासून वर न्यायची. का, ते पुढे येईलच.

सोबत काय न्यायचं

५ मीटरची पोलादी टेप, ३० मीटरची फायबर टेप, ओळंबा, पाणसळ, गुण्या, ५० मीटर सुतळी, सेंटिमीटरच्या खुणा केलेली दोन मीटरची सरळ काठी, होकायंत्र, चौकटींची वही, चांगली टॉर्च आणि दुर्बीण. दुर्बीण ही चैन नाही. जमिनीवरून दहा मीटर उंचीवरचं थरातलं शिल्प नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि मोबाईलचा झूम दगडाचे डाग आणि कोरीवकाम एकत्र कालवतो. माणसं तीन हवीत: दोघं टेप धरायला, तिसरा लिहायला. एकट्याने मोजलेल्या मापात टेपला झोळ पडतो. २० मीटर लांबीवर ५–७ सेंटिमीटरची चूक सहज होते.

पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात तिपाई लावायची असेल तर परवानगी आधी काढा. शिडी लावणं, शिल्पावर चढणं, लेखाचा ठसा घेणं ही कामं आपली नव्हेत.

पहिली प्रदक्षिणा, वही मिटून

पहिल्या फेरीत काही लिहू नका. देऊळ उजव्या हाताला ठेवून चाला आणि तीन गोष्टी डोक्यात ठेवा: दार कुठल्या दिशेला, पायाचे थर जमिनीवर किती आणि जमिनीखाली किती, आणि कुठला भाग नंतरचा. तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. खालची भिंत कोरीव दगडाची आणि वरचं शिखर विटा-चुन्याचं, अशी जोडी मराठवाड्यात पावलोपावली दिसते. औंढा नागनाथला तर ती लांबूनच ओळखू येते: खाली दाट कोरीव भिंत आणि तिच्यावर उत्तरकालीन पांढरं शिखर. अशा देवळाच्या शिखरावरून शैली ठरवली की सगळी नोंद फसते.

दिशा होकायंत्राने घ्या, पण भिंतीला टेकवून नव्हे. बेसाल्टमध्ये लोहखनिज असतं, त्यामुळे सुई दगडाजवळ हलते. लोखंडी कुंपणानेही हेच होतं. भिंतीपासून चारपाच मीटर दूर, देवळाच्या अक्षावर (दारापासून गाभाऱ्याकडे जाणाऱ्या मधल्या रेषेवर), तीन ठिकाणी वाचन घ्या. तिन्ही जुळली तरच ते लिहा. मोबाईलमधल्या होकायंत्रालाही हाच नियम. ‘सगळी देवळं पूर्वाभिमुख’ असं गृहीत धरू नका. अंबरनाथ पश्चिमाभिमुख आहे, आणि तिथे ‘मागची भिंत’ म्हणजे पूर्वेची.

आराखडा

देवळाचा पाया वरून पाहिल्यासारखा कागदावर उतरवणं हे पहिलं खरं काम. अक्षाला समांतर, भिंतीपासून साधारण दोन मीटरवर जगतीवर सुतळी ताणा. (जगती म्हणजे देऊळ ज्या चौथऱ्यावर उभं आहे तो.) तिच्यावर दर अर्ध्या मीटरला खूण करा. मग भिंतीचा प्रत्येक कोपरा घ्या: सुतळीवर तो किती मीटरला येतो आणि सुतळीपासून किती आत आहे. एका कोपऱ्याला दोनच आकडे. सुतळीवरून भिंतीकडे जाताना काटकोन गुण्याने धरा, अंदाजाने नको. चारही बाजू झाल्या की समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं तिरपं अंतर मोजून पडताळा घ्या. १:१०० प्रमाणात २० मीटरचं देऊळ २० सेंटिमीटरमध्ये बसतं, म्हणजे ए-फोर कागद पुरतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे एका बाजूचं माप खुराच्या (भिंतीच्या तळाच्या) थरावर आणि दुसऱ्या बाजूचं जंघेवर (वरच्या, मूर्ती असलेल्या भागावर) घेणं. पायाचे थर पुढे आलेले असतात, जंघा आत असते. फरक एकेका बाजूला हातभरही असू शकतो. थर एकच निवडा, शक्यतो कुंभाचा (खुराच्या लगेच वरचा), आणि चारही बाजूंना तोच धरा.

आता भिंतीची घडण वाचा. भिंत सरळसोट नसते, पायरीपायरीने पुढे येते. मधला सर्वात पुढे आलेला भाग म्हणजे भद्र. कोपरा म्हणजे कर्ण. त्यांच्या मधले ते प्रतिरथ. एका बाजूला कर्ण-भद्र-कर्ण एवढेच असतील तर त्रिरथ. प्रतिरथाची एक जोडी आली तर पंचरथ, दोन आल्या तर सप्तरथ.

काही भूमिज देवळांचा आराखडा तारकाकृती असतो. एकच चौरस मध्यबिंदूभोवती थोडाथोडा फिरवत गेलं की तारा होतो: चार चौरस २२.५ अंशांनी फिरवले तर १६ कोन, सहा चौरस १५ अंशांनी फिरवले तर २४ कोन. गंमत अशी की दोन्ही प्रकारांत बाहेर आलेला कोपरा काटकोनीच असतो, म्हणून गुण्या लावून फरक कळत नाही. कसोटी वेगळी आहे. भिंतीच्या एका टोकाला उभं राहून पृष्ठभागांवरून नजर सरळ टाका. सगळे पृष्ठभाग भद्राला समांतर किंवा काटकोनात असतील तर आराखडा चौरस-रथांचा. पृष्ठभाग पंख्याच्या पात्यांसारखे वळत गेलेले दिसले तर तारा. भद्रं मात्र ताऱ्यातही बहुधा आपापल्या दिशेला सरळच राहतात, म्हणून नुसतं भद्र पाहून निकाल देऊ नका.

पीठ आणि भिंतीचे थर

खालून वर नावं पाठ करण्यापेक्षा आकार ओळखायला शिका. पीठात, म्हणजे भिंतीखालच्या बैठकीत, सर्वात खाली साधे जाड थर, ते भिट्ट. त्यावर तिरका, आत ओढून घेतलेला जाड्यकुंभ. त्यावर धारदार कडेचा थर, कर्णिका. हिची कड सुरीच्या पात्यासारखी बाहेर आलेली असते आणि म्हणूनच ती सर्वात आधी तुटते. मग ग्रासपट्टी, म्हणजे कीर्तिमुखांची (सिंहासारख्या राक्षसी मुखांची) रांग. वैभवाच्या देवळात याच्यावर गजथर आणि नरथर येतात. अंबरनाथला हे दोन्ही पाहायला मिळतात.

पीठ संपलं की भिंत, म्हणजे मंडोवर. तिच्या तळाशी खुर, कुंभ, कलश, कपोताली हे थर. कुंभ उभट आणि सपाट पोटाचा, कलश गोल फुगीर. ही दोन नावं लोक सर्रास अदलाबदल करतात. त्यावर जंघा, जिथे मूर्ती असतात. जंघेवर भरणी वगैरे थर, आणि शेवटी पुढे आलेलं छाद्य. छाद्याची रेषा नीट लक्षात ठेवा: ती भिंत आणि शिखर यांच्यातली सीमा आहे.

थरांचा छेद काढायचा असेल तर दोन मीटरची काठी पायापासून ३० सेंटिमीटरवर उभी धरा, ओळंब्याने सरळ करा आणि दर ५ सेंटिमीटर उंचीला काठीपासून दगडापर्यंतचं आडवं अंतर लिहा. थर बदलतो तिथे जादा वाचन घ्या. दोन मीटरला चाळीसएक आकडे होतात, अर्ध्या तासाचं काम. एवढ्या छेदावरून दोन देवळांची तुलना फोटोपेक्षा जास्त खात्रीने करता येते.

गावातल्या देवळात पीठाचे खालचे थर पाहायलाच मिळत नाहीत, कारण भोवतीची जमीन भर पडून वर आलेली असते किंवा वर फरशी घातलेली असते. अशा वेळी ‘पीठाला तीन थर’ असं लिहू नका, ‘जमिनीवर तीन थर दिसतात’ असं लिहा.

शिखर: भूमिजची खरी ओळख

भूमिज शिखराच्या चारही बाजूंना मधोमध एकेक उभा पट्टा पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढत जातो. ही लता. तिच्यावर जाळीदार नक्षी असते आणि तिच्या पायथ्याशी मोठी कमानदार गवाक्षाकृती, शूरसेनक. दोन लतांच्या मधल्या चतुर्थांशात छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा रचलेल्या असतात. प्रत्येक छोटं शिखर एका आखूड खांबावर बसलेलं, म्हणून ते स्तंभकूट. रांगा आडव्याही लागतात आणि उभ्याही, आणि वर जाताना प्रत्येक कूट आटत जातं. आडव्या एका रांगेला भूमी म्हणतात. वर आमलक (आवळ्यासारखी खाचा असलेली गोल चपटी शिळा), त्यावर कलश.

दुसऱ्या दोन नागर (उत्तर भारतीय) शिखरप्रकारांशी गल्लत होते, म्हणून एवढं पाहा. लतिन शिखर एकसंध असतं, त्यावर छोटी शिखरं नसतातच. शेखरी शिखराला, खजुराहोच्या कंदारिया महादेवासारखं, मोठ्या शिखराची अर्धी अर्धी रूपं अंगाला चिकटलेली असतात, आणि नजरेला एका डोंगराला टेकलेले डोंगर दिसतात. भूमिजमध्ये नजरेला माळ दिसते, खांबावर बसलेल्या मण्यांची.

भूमी मोजताना एकच उभी ओळ निवडा, कर्णाची. छाद्याच्या वरून सुरुवात करून आमलकाच्या खालपर्यंत कूटं मोजा. शूरसेनक मोजायचं नाही, ते लतेचं आहे. पाच, सात, नऊ अशा विषम संख्या नेहमीच्या. चार किंवा सहा आल्या तर पुन्हा मोजा. बहुतेकदा सर्वात वरची, अगदी चिमुकली झालेली रांग सुटलेली असते. दुर्बीण इथेच लागते.

आता पायापासून सुरुवात का, ते. शिखरावरच्या कूटांच्या उभ्या ओळी भिंतीच्या घडीवरच उभ्या असतात. पंचरथ भिंतीत दोन भद्रांच्या मध्ये प्रतिरथ, कर्ण, प्रतिरथ असे तीन भाग येतात, म्हणून चतुर्थांशात तीन ओळी. सप्तरथ असेल तर पाच. शिखर पडलेलं असलं तरी भिंत पाहून त्यावर किती ओळी असत्या हे सांगता येतं. किती भूमी असत्या हे मात्र सांगता येत नाही, आणि ते शिखर भूमिजच होतं हेही नुसत्या आराखड्यावरून सिद्ध होत नाही, कारण पंचरथ आराखडा शेखरी देवळालाही असतो. त्यासाठी पुरावा शोधावा लागतो तो देवळाच्या आजूबाजूला. गावकुसात, पारावर, तुळशीवृंदावनाच्या पायात, ओढ्याच्या काठाला लावलेल्या दगडांत हातभर उंचीचं छोटं शिखर कोरलेला दगड सापडला आणि त्याच्या खाली खांबाचा तुकडा असेल तर तो स्तंभकूट. असा एक दगड दहा तर्कांपेक्षा भारी. दगड उचलून देवळात आणायचा मोह टाळा. आहे तिथेच फोटो घ्या, लांबी-रुंदी-उंची मोजा आणि देवळापासूनचं अंतर व दिशा लिहा.

उंची सावलीने काढता येते. डिसेंबरातल्या मध्यान्ही, जेव्हा सावली उत्तरेकडे सरळ पडते, एक मीटरची काठी उभी करा. तिची सावली ०.९ मीटर आली आणि शिखराच्या टोकाची सावली उत्तर भिंतीपासून ८.६ मीटरवर पडली, असं समजा. ८.६ ला ०.९ ने भागून ९.६ मीटर उंची लिहिणारे बरेच असतात. ते चूक आहे. शिखराचं टोक भिंतीवर नसून गाभाऱ्याच्या मध्यावर आहे. मध्यापासून भिंतीपर्यंतचे ४ मीटर मिळवा: १२.६ भागिले ०.९, म्हणजे १४ मीटर. आराखडा आधी काढलेला असेल तर हे ४ मीटर हाताशी असतातच. सावली सपाट जमिनीवर पडायला हवी; जगतीच्या कडेवरून खाली उतरली तर हिशोब बिघडतो. आणि मे ते जुलैमध्ये हा प्रयोग करू नका. तेव्हा आपल्याकडे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली मिळतच नाही.

आत

दारापासून सुरुवात करा. उंबऱ्याला उदुंबर म्हणतात. त्याच्या मध्याचा गोलसर पुढे आलेला भाग मंदारक, बाजूला कीर्तिमुखं. चौकटीच्या उभ्या पट्ट्या म्हणजे शाखा. आतून बाहेर मोजा आणि प्रत्येकीवर काय आहे ते लिहा: पानवेल, माणसं, स्तंभ, व्याल (काल्पनिक हिंस्र पशू). शाखा तीन, पाच, सात अशा असतात. ऑइलपेंटचे थर चढलेले असतील तर दोन शाखा एकच दिसतात, तेव्हा टॉर्च बाजूने धरून सावलीवरून मोजा.

ललाटावर (दाराच्या वरच्या पट्टीच्या मध्यावर) गणपती आहे म्हणून देऊळ गणपतीचं ठरत नाही. महाराष्ट्रात कुठल्याही देवळाच्या ललाटावर तो असतो. मूळ देव ठरवायचा तर द्वारपाल पाहा: त्रिशूळ-डमरू म्हणजे शैव, चक्र-शंख-गदा म्हणजे वैष्णव. मग बाहेरच्या भद्रांवरचे देवकोष्ठ (मूर्तींचे कोनाडे) पाहा. गाभाऱ्यातली मूर्ती शतकांच्या ओघात बदललेली असते, पण भिंतीत बसवलेली सहसा बदलत नाही.

खांब तळापासून वर नोंदवा: चौकोनी, अष्टकोनी, गोल असे टप्पे येतात आणि वर हात टेकून भार उचलणारे कीचक. प्रत्येक खांबाला क्रमांक द्या, दारातून शिरताना डावीकडून. तुळईकडे नीट पाहा. बेसाल्टचं वजन घनमीटरला सुमारे २.९ टन. अडीच मीटर लांब आणि अर्धा मीटर चौरस तुळई म्हणजे जवळपास १.८ टन. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून तुळई तडकते ती मधोमध आणि खालच्या बाजूने. जुन्या देवळांत दोन कोरीव खांबांच्या मध्ये ओबडधोबड दगडी टेकू उभा दिसतो तो याच कारणाने. त्याला ‘विद्रूप’ म्हणून काढायला सांगणारे भेटतात. तो काढला तर छत खाली येईल.

छताचा साधा प्रकार असा: चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर त्रिकोणी शिळा टाकून लहान, फिरवलेला चौकोन करायचा, त्यावर पुन्हा तेच. दुसरा प्रकार घुमटाकार वितानाचा, म्हणजे छताचा. यात कमान नाही. प्रत्येक वलय खालच्यापेक्षा थोडं आत सरकवलेलं असतं. तीन मीटरच्या अंतरावर पाच वलयं, प्रत्येक २५ सेंटिमीटर आत, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून अडीच मीटर झाकले जातात आणि मध्ये अर्ध्या मीटरची जागा उरते. तिथे लोंबणारी पद्मशिला, म्हणजे कमळासारखी कोरलेली शिळा, बसते. फोटोसाठी मोबाईल मध्यभागी जमिनीवर पाठीवर ठेवून टायमर लावा. हातात धरून काढलेल्या फोटोत वलयं लंबगोल येतात. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप अशा छताला अपवाद: तिथे मध्ये पद्मशिला नाही, मोकळं आकाश आहे. ते भूमिज देऊळ नव्हे, पण यादवकाळाचा विषय निघाला की लोक तेच नाव आधी घेतात. तिथल्या लेखात सिंघण यादवाचं शके ११३६ मधलं दान आहे.

मूर्ती ओळखताना

एक नियम भिंतीवर लिहून ठेवावा असा: उजवा-डावा हात मूर्तीचा, पाहणाऱ्याचा नव्हे. ही एक चूक झाली की विष्णूचं नावच बदलतं. चार हातांतली आयुधं खालच्या उजव्या हातापासून वर, मग वरच्या डाव्या, मग खालच्या डाव्या हाताकडे वाचायची. पद्म-शंख-चक्र-गदा असा क्रम आला तर केशव; जुन्या अभ्यासकांची सोय ‘पशंचग’. ‘शंपगच’ म्हणजे नारायण, ‘गचशंप’ म्हणजे माधव, ‘चगपशं’ म्हणजे गोविंद. अशी चोवीस रूपं आहेत. केशवाची मूर्ती समोरून बघून आपल्या उजव्या हाताला तिचा उजवा हात समजलात तर पहिलं अक्षर ‘प’ ऐवजी ‘ग’ येतं, आणि वाचन ‘गचशंप’: केशवाचा माधव झाला. फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला गेला तरी हेच होतं.

चार कर्णांच्या मिळून आठ बाजूंवर बहुधा दिक्पाल (आठ दिशांचे रक्षक देव) असतात, आणि ते दिशेप्रमाणेच असतात: पूर्वेला हत्तीसह इंद्र, आग्नेयेला मेंढ्यासह अग्नी, दक्षिणेला रेड्यासह यम, नैर्ऋत्येला निर्ऋती, पश्चिमेला मगरीसह वरुण, वायव्येला हरणासह वायू, उत्तरेला धनाची थैली घेतलेला कुबेर, ईशान्येला नंदीसह ईशान. तुमची दिशा बरोबर असेल तर झिजलेल्या मूर्तीचं नाव जागेवरून सुचतं. जागा आणि वाहन जुळत नसेल तर दोन शक्यता: तुमचं होकायंत्र चुकलं, किंवा जीर्णोद्धारात मूर्ती हलवली. दुसरी शक्यता बऱ्याचदा खरी निघते.

शिवमंदिराच्या भद्रांवर भैरव, नटेश, अंधकासुरवध, चामुंडा हे नेहमीचे. अंधकासुरवध आणि गजासुरसंहार यांत गोंधळ होतो कारण दोन्हींत पाठीमागे हत्तीचं कातडं पसरलेलं असू शकतं. त्रिशुळावर टांगलेला माणूस शोधा. तो असेल तर अंधक. चामुंडा हाडकुळी, पोट खपाटीला गेलेलं, पोटावर विंचू, पायाखाली प्रेत. हात तुटलेले असतील तर खांद्याशी किती बुडखे आहेत ते मोजा. आयुध मोडलं तरी त्याचा ठसा मागच्या प्रभावळीवर राहतो.

सुरसुंदरी, म्हणजे भिंतीवरच्या सुंदर स्त्रियांच्या मूर्ती, पाहायच्या तर निलंगा, पानगाव, होट्टल, कोरवली इकडे मराठवाडा-सोलापूर भागात जावं. ही सगळी देवळं भूमिज नाहीत, पण काळ जवळचा. आरसा धरलेली दर्पणा, कडेवर मूल घेतलेली पुत्रवल्लभा, वस्त्र ओढणाऱ्या माकडाला हाकलणारी मर्कटचेष्टा, पत्र लिहिणारी पत्रलेखा. या सगळ्यांना सरसकट ‘नर्तकी’ लिहिणं म्हणजे सगळ्या भाज्यांना ‘भाजी’ म्हणणं.

फोटोला ऊन बाजूने हवं. पूर्वेची भिंत सकाळी, पश्चिमेची दुपारी तीननंतर, पण ऊन समोरून आदळायच्या आत. उत्तरेच्या भिंतीवर हिवाळ्यात ऊन येतच नाही; एप्रिल ते ऑगस्टमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं येतं. फ्लॅश समोरून मारला की कोरीवकाम सपाट होतं. प्रत्येक फोटोत खुणांची काठी असू द्या आणि नाव जागेवरून ठेवा: ‘द-भद्र-१’, ‘प-प्रतिरथ-२’. ‘छान मूर्ती ७’ हे नाव महिन्याभरात निरुपयोगी होतं.

लेख आणि आवारातले दगड

अक्षरं उठावदार दिसावीत म्हणून खडू, पीठ, हळद, तेल काहीही चोळू नका. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून डावीकडून, मग उजवीकडून, वरून, खालून असे चार फोटो घ्या. एका उजेडात बुजलेलं अक्षर दुसऱ्यात दिसतं. अंबरनाथचा लेख उत्तरेच्या दारावरच्या तुळईला आतून आहे. त्यातलं वर्ष आधी ७८२ वाचलं गेलं, नंतर ९८२ ठरलं. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षं मागे-पुढे झालं. म्हणून वर्ष लिहिताना शंका असलेल्या आकड्याखाली रेघ मारा. शकाचं इसवी करताना ७८ मिळवा. पौष ते फाल्गुन या महिन्यांतली तिथी असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात.

आवारात वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड) असेल तर तो खालून वर वाचा: खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याला चंद्र-सूर्य. कोकणात गधेगाळही (दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड) सापडतो: वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि स्त्री. त्यातला मधला लेख न वाचता खालच्या चित्रालाच हसत बसणारे फार.

गावाने डागडुजी काढली तर

सर्वात जास्त नुकसान सिमेंटच्या दरजांनी होतं. मूळ सांधे कोरडे असतात. खाच आणि कुसू बसवून दगड अडकवलेले, त्यामुळे पावसाचं पाणी झिरपतं आणि वाळतं. सिमेंट भरलं की पाणी आत कोंडतं, सिमेंटमधले क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी येतात आणि कोरीवकामाचे पापुद्र्यांमागून पापुद्रे निघतात. बारीक पोकळ्या भरलेल्या बेसाल्टमध्ये तर पोकळीतला पांढरा मऊ भाग आधी निसटतो आणि दगड देवी आल्यासारखा दिसू लागतो. वाळूचा मारा करून ‘स्वच्छ’ केलेल्या भिंतीवर ओठ-नाक-बोटं राहत नाहीत. पिंपळाचं रोप दिसलं तर ओढून काढू नका. मूळ सांध्यात गेलेलं असतं आणि दगडासकट येतं. रोप दगडासरसं कापा, तारखेसह फोटो काढा आणि संबंधित पुरातत्त्व कार्यालयाला लेखी कळवा.

संरक्षित केंद्रीय स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. सभागृह किंवा भक्तनिवासाचा ठराव होण्याआधी तुमचा आराखडा आणि फोटो ग्रामपंचायतीत पोहोचले तर त्यांचा काही उपयोग होतो, भूमिपूजनानंतर नाही.

नोंदीची पहिली ओळ अशी असू द्या: ‘अंबरनाथ. शिवमंदिर. पश्चिमाभिमुख. भूमिज, शिखराचा वरचा भाग पडलेला. गाभारा सभामंडपापेक्षा खोल, पायऱ्या उतरून. लेख शके ९८२, उत्तर दार, तुळईची आतली बाजू.’ ज्या रकान्याचं उत्तर मिळालं नाही तिथे ‘हेमाडपंती’ लिहू नका, रकाना मोकळा ठेवा.